फोनच्या पलीकडची बीएसएनएल: एका दूरसंचार कंपनीत किती व्यवसाय मावतात?

२७ सप्टेंबर २०२५ रोजी ओडिशातील झारसुगुडा येथे पंतप्रधानांच्या हस्ते भारत संचार निगम लिमिटेडच्या, म्हणजे बीएसएनएलच्या, स्वदेशी फोर-जी जाळ्याचे उद्घाटन झाले. ९७ हजार ५०० हून अधिक टॉवरचा आकडा त्या दिवशी सगळ्या बातम्यांत होता. त्याआधीच्या काही महिन्यांत याच कंपनीच्या नफ्या-तोट्याच्या बातम्यांनी वाचकांचा चांगलाच गोंधळ उडवला होता. ऑक्टोबर ते डिसेंबर २०२४ या तिमाहीत २६२ कोटी रुपयांचा नफा झाला, तोही २००७ नंतर पहिल्यांदाच. पुढच्या तिमाहीत २८० कोटींचा नफा झाला. तरीही २०२४-२५ हे पूर्ण वर्ष २,२४७ कोटींच्या तोट्यात गेले आणि त्यानंतरच्या एप्रिल ते जून २०२५ या तिमाहीत पुन्हा १,०४८ कोटींचा तोटा झाला. ज्या कंपनीचे सिम आपल्या ओळखीत मोजक्याच लोकांकडे उरले आहे, तिला हे पैसे मिळतात कुठून आणि जातात कुठे, असा प्रश्न कोणालाही पडावा.

या प्रश्नाचे पहिले उत्तर एका आकड्यात आहे. २०२४-२५ मध्ये बीएसएनएलला कामकाजातून सुमारे २० हजार ८४० कोटी रुपये मिळाले आणि त्यांत मोबाइलचा वाटा साधारण ७,५०० कोटींचा होता, म्हणजे एक तृतीयांशाहून थोडासाच अधिक. घरोघरी पोहोचणाऱ्या फायबर इंटरनेटने २,९०० कोटींहून अधिक आणले. आणि ज्यांच्याबद्दल आपण कधी ऐकतही नाही त्या भाड्याच्या लाइन आणि मोठ्या संस्थांसाठीच्या सेवांनी सुमारे ४,१०० कोटी आणले. दूरसंचार कंपनी म्हणजे मोबाइल कंपनी, ही आपली समजूत इथेच ढिली पडते.

कालवा एक, चाऱ्या अनेक

ज्याने धरणाच्या पाण्यावरची शेती पाहिली आहे, त्याला दूरसंचाराचे जाळे समजायला वेळ लागत नाही. धरणातून मुख्य कालवा निघतो, त्याला वितरिका फुटतात, वितरिकांना चाऱ्या आणि चाऱ्यांना पोटचाऱ्या. शेवटी पाणी एखाद्याच्या उसाच्या सरीत उतरते. मुख्य कालव्यावर अफाट खर्च होतो, पण तो एकदाच होतो, आणि नंतर त्याच पाण्यातून शेतीही भिजते, नगरपालिकेची टाकीही भरते आणि साखर कारखानाही चालतो. प्रत्येकाची पाणीपट्टी मात्र वेगळी असते आणि प्रत्येकाशी होणारा करारही वेगळा.

दूरसंचारातला मुख्य कालवा म्हणजे शहरांना शहरांशी जोडणारी, जमिनीखालून गेलेली ऑप्टिकल फायबर केबल. पुण्यातल्या माणसाने नागपूरला लावलेला फोन, सोलापूरच्या बँकेच्या शाखेने मुख्यालयाशी केलेला व्यवहार आणि कणकवलीच्या टॉवरवरून कोणी पाहिलेला व्हिडिओ हे सगळे शेवटी अशाच केबलमधून धावतात. कंपनीचे विभाग वेगळे दिसतात ते पोटचारीच्या टोकाशी, म्हणजे ग्राहकापाशी. टोकाला तार आहे, टॉवर आहे की बँकेच्या सर्व्हर खोलीतले यंत्र आहे, यावर तो ग्राहक कोणत्या विभागाचा हे ठरते.

बीएसएनएलमध्ये असे तीन मुख्य व्यवसाय-विभाग आहेत. तार किंवा फायबरने घरापर्यंत पोहोचणाऱ्या सेवा एका विभागाकडे, मोबाइल दुसऱ्याकडे आणि बँका, कारखाने, सरकारी खाती अशा मोठ्या ग्राहकांच्या सेवा तिसऱ्याकडे. यांच्या जोडीला टॉवर, इमारती, जमिनी यांचा कारभार आहे आणि सरकारने सोपवलेले प्रकल्प आहेत. त्याशिवाय जुन्या खात्याकडून आलेल्या संस्थाही आहेत: मुंबईत देवनारला दूरसंचार साहित्याचा कारखाना आहे, आणि जबलपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नावाने प्रशिक्षण संस्था आहे.

खात्याची कंपनी कशी झाली?

सप्टेंबर २००० पर्यंत बीएसएनएल नावाची कंपनी अस्तित्वात नव्हती. टेलिफोन चालवणारे एक सरकारी खाते होते. १ ऑक्टोबर २००० रोजी खात्याचा कारभार नव्या कंपनीकडे आला आणि त्याबरोबर एक्स्चेंज, केबल, इमारती, लाखो कर्मचारी आणि खेडोपाडी सेवा देण्याची जबाबदारी हेही सारे आले. मुंबई आणि दिल्ली मात्र आधीच, १९८६ मध्ये, महानगर टेलिफोन निगमकडे म्हणजे एमटीएनएलकडे गेली होती. परदेशी फोनसाठी त्याच वर्षी विदेश संचार निगम स्थापन झाली होती. ती २००२ मध्ये टाटा समूहाकडे गेली आणि २००८ पासून टाटा कम्युनिकेशन्स या नावाने ओळखली जाते.

या वाटणीचा परिणाम महाराष्ट्रातल्या माणसाने अनेक वर्षे अनुभवला. मुंबई, ठाणे, नवी मुंबईत एमटीएनएल आणि उरलेल्या राज्यात बीएसएनएल, अशी ती हद्द होती. कारभारासाठी कंपनीने देशाचे मंडळांत भाग पाडले आहेत, त्यांना बोलीभाषेत सगळे 'सर्कल' म्हणतात. महाराष्ट्र सर्कलमध्ये गोवाही येतो, आणि या सर्कलचे मुख्य कार्यालय आहे मुंबईत, सांताक्रूझला, जिथे फोनची जोडणी देण्याचे काम दुसऱ्याच कंपनीचे होते. १ जानेवारी २०२५ पासून सेवा कराराद्वारे एमटीएनएलचे कामकाजही बीएसएनएलने चालवायला घेतले. एमटीएनएलची कर्जे मात्र तिच्याच नावावर राहिली. चालवणारा वेगळा आणि देणेकरी वेगळा, हा भेद लक्षात घेतला नाही तर दोन्ही कंपन्यांच्या बातम्या एकमेकींत मिसळतात.

तांब्याची तार आणि काचेचा धागा

जुन्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेलेल्या माणसाला एक दृश्य विसरता येत नाही: जमिनीपासून छतापर्यंत गेलेली लोखंडी चौकट आणि तिच्यावर हजारो बारीक जोडतारांचे जंजाळ. गावातल्या प्रत्येक फोनची तांब्याची जोडी तिथे येऊन संपत असे. त्या जोडीवर एक्स्चेंजमधल्या बॅटऱ्यांचा ४८ व्होल्टचा विद्युतदाब असतो, आणि म्हणूनच गावातली वीज गेली तरी काळा डबा फोन चालू राहत असे. पावसाळ्यात केबलच्या सांध्यात पाणी शिरले की खरखर सुरू होई. मग लाइनमन रस्त्याकडेच्या लोखंडी पेटीपाशी, ज्याला ते 'पिलर' म्हणतात, बसून एकेक जोडी तपासत असे.

आज त्या तारेची जागा काचेच्या धाग्याने घेतली आहे. केसाइतक्या बारीक काचेच्या धाग्यातून प्रकाशाचे स्पंद जातात. एक्स्चेंजमधल्या यंत्रातून निघालेला एकच धागा वाटेत विभाजक नावाच्या छोट्या डबीत शिरतो, आणि त्या डबीतून तोच प्रकाश ३२ किंवा ६४ घरांकडे वाटला जातो. या डबीला वीज लागत नाही. ती निव्वळ प्रकाश विभागते. घराकडे येणारा प्रकाश १,४९० नॅनोमीटर तरंगलांबीचा आणि घराकडून जाणारा १,३१० नॅनोमीटरचा, त्यामुळे एकाच धाग्यात दोन्ही दिशांची वाहतूक एकमेकींना न अडवता चालते. सर्वत्र वापरात असलेल्या पद्धतीत घरांकडे येणाऱ्या दिशेने सेकंदाला सुमारे अडीच अब्ज बिट, म्हणजे शून्य-एकचे अंक, मावतात आणि ते त्या धाग्यावरच्या सगळ्या घरांत वाटले जातात. संध्याकाळी सगळे एकदम व्हिडिओ लावून बसले की वेग मंदावू शकतो, त्याचे एक कारण हे आहे.

दोन धागे जोडण्याचे काम पाहण्यासारखे असते. कारागीर धाग्यावरचे आवरण सोलतो, धागा स्पिरिटने पुसतो, त्याचे टोक काटकोनात छाटतो आणि दोन्ही टोके एका छोट्या यंत्रात समोरासमोर ठेवतो. यंत्राच्या पडद्यावर दोन काळ्या रेघा एकमेकींकडे सरकतात, क्षणभर विजेची ठिणगी पडते आणि काच वितळून एकजीव होते. सांधा चांगला जमला की प्रकाशाची गळती जवळजवळ शून्य दाखवते. छाटणी थोडी तिरकी झाली तर तो सांधा तोडून पुन्हा करावा लागतो.

हे काम करणारा माणूस पुष्कळदा बीएसएनएलचा कर्मचारी नसतो. गावातला केबलवाला किंवा एखादा तरुण व्यावसायिक कंपनीचा भागीदार होतो: घरापर्यंतची फायबर तो स्वतःच्या खर्चाने ओढतो, दुरुस्ती करतो आणि ग्राहकाच्या बिलातला ठरलेला वाटा घेतो. मागची मोठी केबल, इंटरनेट आणि बिलाची यंत्रणा कंपनीची. मला ही व्यवस्था योग्य वाटते, कारण खांबावर चढणारा माणूस गावातलाच असतो. पण तिचा एक तोटा आहे. बिलावर नाव कंपनीचे असते आणि सेवेचा दर्जा मात्र त्या भागीदाराच्या कामावर अवलंबून असतो. एकाच तालुक्यात एका गावात उत्तम आणि शेजारच्या गावात रडतखडत चालणारी सेवा दिसते, ती यामुळे.

आणखी एक फरक घरात वडीलधारी माणसे असणाऱ्यांनी ध्यानात ठेवावा. तांब्याच्या तारेतून वीजही येत असे. काचेतून ती येत नाही. फायबरवरचा लँडलाइन घरातली वीज गेली की बंद पडतो, म्हणून घरातल्या फायबरच्या डब्याला छोटी बॅटरी जोडून घेणे शहाणपणाचे असते.

मोबाइल: सर्वांना दिसणारा चेहरा

१९ ऑक्टोबर २००२ रोजी लखनऊमधून बीएसएनएलची मोबाइल सेवा सुरू झाली. देशात पहिला मोबाइल फोन वाजला होता ३१ जुलै १९९५ रोजी, म्हणजे कंपनी सात वर्षे उशिरा आली. तरीही खेड्यापाड्यांतली एक्स्चेंज आणि केबल आधीपासून तिच्याकडे असल्याने टॉवर वेगाने उभे राहिले.

मोबाइलला तारेऐवजी लागतात त्या रेडिओ लहरी. त्या लहरींच्या ठरावीक पट्ट्याला स्पेक्ट्रम म्हणतात. तो सरकारच्या मालकीचा असतो आणि कंपन्यांना किंमत मोजून मिळतो. कमी वारंवारतेच्या लहरी लांब जातात आणि भिंतीतून आत शिरतात. जास्त वारंवारतेच्या लहरी अधिक माहिती वाहतात, पण लवकर विरतात. बीएसएनएलला फोर-जीसाठी मिळालेल्या पट्ट्यांत ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा आहे, आणि विरळ वस्तीच्या डोंगराळ भागासाठी तो फार मोलाचा आहे.

मग उशीर का झाला? खासगी कंपन्यांनी फोर-जी २०१२ पासून आणले आणि २०१६ नंतर ते देशभर पसरले. बीएसएनएलला फोर-जीसाठी देशभर स्पेक्ट्रम द्यायचा निर्णय मात्र सरकारच्या २०१९ च्या मदतीच्या पॅकेजमध्ये झाला. त्यानंतर २०२० मध्ये काढलेली निविदा रद्द झाली आणि यंत्रणा भारतातच बनलेली हवी असे ठरले. तेव्हा तशी यंत्रणा तयार नव्हती. ती घडवावी लागली. जाळ्याचा मेंदू, म्हणजे कोणता फोन कुठे आहे आणि त्याला कोणाशी जोडायचे हे ठरवणारी प्रणाली, सरकारी संशोधन संस्था सी-डॉटने केली; टॉवरवरची रेडिओ यंत्रे तेजस नेटवर्क्सने बनवली; आणि सगळे एकत्र बसवण्याचे काम टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने केले. या निर्णयाची किंमत ग्राहकांनी मोजली, हे मोकळेपणाने मान्य करायला हवे. ज्या काळात सगळा देश स्वस्त डेटावर आला, त्या काळात या कंपनीच्या ग्राहकांकडे थ्री-जी होते. स्वतःची यंत्रणा असण्याचे मोल मोठे आहे, पण ती घडत असताना निघून गेलेले ग्राहक परत आणणे हे आता वेगळेच काम होऊन बसले आहे.

ज्यांना आपण पाहत नाही ते ग्राहक

एखाद्या राष्ट्रीयीकृत बँकेच्या तालुक्यातल्या शाखेत 'लिंक गेली' असे आपण ऐकतो. ही लिंक म्हणजे पुष्कळदा भाड्याने घेतलेली लाइन. शाखेपासून बँकेच्या माहिती केंद्रापर्यंतचा एक रस्ता फक्त त्या बँकेसाठी राखलेला असतो. घरगुती इंटरनेट म्हणजे सर्वांचा महामार्ग. गर्दी झाली की थांबावे लागते. भाड्याच्या लाइनवर बँकेला ठरलेला वेग मिळतो, आणि ती बंद पडली तर किती वेळात दुरुस्त करायची हे करारात लिहिलेले असते. तसे झाले नाही तर कंपनीला दंड बसतो. म्हणून ही सेवा महाग असते आणि म्हणूनच ती कंपनीला परवडते.

बँकेच्या शेकडो शाखा असतील तर प्रत्येकीला प्रत्येकीशी वेगळी तार जोडणे अशक्य. मग कंपनी आपल्याच मोठ्या जाळ्यात त्या बँकेसाठी एक बंदिस्त जाळे आखून देते, ज्यात बाहेरची वाहतूक शिरू शकत नाही. कार्यालयांना एकाच तारेवर ३० संभाषणे वाहून नेणारी जोडणी मिळते; रुग्णालयाला किंवा विमा कंपनीला १८०० ने सुरू होणारा निःशुल्क क्रमांक मिळतो, ज्यावर फोन करणाऱ्याचे पैसे ती संस्था भरते. वीज मीटर, गाड्यांवर नजर ठेवणारी यंत्रे अशा यंत्रांसाठी १३ अंकी क्रमांकाची सिम वेगळी असतात, कारण तिथे बोलणारे कोणी नसते, फक्त आकडे जातात. जिथे टॉवर पोहोचत नाही अशा समुद्रात, हिमशिखरांवर आणि आपत्तीच्या ठिकाणी उपग्रह फोन लागतो. त्याचे देशातले प्रवेशद्वार, म्हणजे उपग्रहाला जमिनीवरच्या जाळ्याशी जोडणारे केंद्र, बीएसएनएलने गाझियाबादला उभारले आहे.

या विभागाची जाहिरात आपल्याला टीव्हीवर दिसत नाही, कारण त्याला एक ग्राहक मिळवायला एक करार पुरतो. माझ्या मते बीएसएनएलच्या बळाचा खरा अंदाज मोबाइलच्या ग्राहकसंख्येपेक्षा इथे येतो. मोबाइल ग्राहक एका दिवसात कंपनी बदलतो. शेकडो शाखांचे जाळे उभे केलेली बँक सहसा तसे करत नाही.

मुक्कामी एसटीसारखी कामे

डोंगरातल्या शेवटच्या गावी रात्री जाऊन पहाटे परतणारी मुक्कामी एसटी कधी नफ्यात चालत नाही, तरी ती बंद व्हावी असे कोणी म्हणत नाही. सवलतीच्या पासांचे पैसे राज्य सरकार महामंडळाला देते. दूरसंचारातही अशा कामांसाठी एक निधी आहे. परवानाधारक कंपन्या आपल्या ठरावीक महसुलाच्या ८ टक्के परवाना शुल्क भरतात आणि त्यांतले ५ टक्के या निधीत जातात. पूर्वी त्याचे नाव सार्वत्रिक सेवा दायित्व निधी होते, आता डिजिटल भारत निधी आहे. म्हणजे आपल्या प्रत्येक रिचार्जमधला थोडासा भाग दुर्गम गावांसाठी बाजूला पडत असतो, मग सिम कोणत्याही कंपनीचे असो.

या निधीतून झालेली कामे ठोस आहेत. चेन्नईहून अंदमान-निकोबारला जाणारी सुमारे २,३०० किलोमीटरची समुद्राखालची केबल ऑगस्ट २०२० मध्ये सुरू झाली. कोचीहून लक्षद्वीपच्या ११ बेटांना जोडणारी केबल जानेवारी २०२४ मध्ये. दोन्ही बीएसएनएलच्या हातून झाली. ज्या गावांत कोणत्याच कंपनीचे फोर-जी नव्हते अशा २४ हजार ६८० गावांसाठी २०२२ मध्ये मंजूर झालेली योजनाही तिच्याकडेच आली.

सर्वांत मोठे काम भारतनेटचे आहे. देशातली प्रत्येक ग्रामपंचायत फायबरने जोडायची ही योजना २०११ मध्ये मंजूर झाली. महाराष्ट्रात तिचा दुसरा टप्पा राज्य सरकारने महानेट या नावाने स्वतः राबवला. पहिल्या आराखड्यात केबल झाडाच्या फांद्यांसारखी गेली होती. एका ठिकाणी जेसीबीचा दात लागला की पुढची सगळी गावे अंधारात. ऑगस्ट २०२३ मध्ये १ लाख ३९ हजार कोटींचा सुधारित कार्यक्रम मंजूर झाला, त्यात ही रचना कड्यासारखी करायची आहे, म्हणजे एका बाजूने तुटली तर दुसऱ्या बाजूने वाहतूक चालू राहील. रस्त्याच्या खोदकामात केबल तुटण्याचे प्रमाण आपल्याकडे किती आहे हे ज्याने पाहिले आहे, त्याला या बदलाचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

याशिवाय सैन्यदलांसाठी एक स्वतंत्र फायबर जाळे बीएसएनएलने उभारले. त्यामागचा व्यवहार समजून घेण्यासारखा आहे: सैन्याने आपल्याकडचा काही स्पेक्ट्रम नागरी वापरासाठी मोकळा करायचा आणि त्याच्या मोबदल्यात सरकारने त्यांना जमिनीखालची सुरक्षित केबल द्यायची. त्यासाठी दोन टप्प्यांत मिळून सुमारे २४ हजार ६६४ कोटी रुपये मंजूर झाले.

जमीन आणि टॉवर

जुन्या खात्याने गावोगावी एक्स्चेंजसाठी मोक्याच्या जागा घेतल्या होत्या. तेव्हाची यंत्रे मोठाली असत. आज तेवढेच काम एका कपाटात मावते आणि इमारती रिकाम्या राहतात. त्या भाड्याने देणे, जादा जमीन विकणे आणि आपल्या टॉवरवर दुसऱ्या कंपन्यांचे अँटेना बसवू देऊन भाडे घेणे, हाही एक व्यवसाय आहे.

पण सरकार इतके पैसे का ओतते?

हा आक्षेप रास्त आहे, आणि त्याला पॅकेजचे आकडे पुढे करून उत्तर देता येत नाही. ते आकडे उलगडून पाहावे लागतात. २०१९ मध्ये सुमारे ६९ हजार कोटी, २०२२ मध्ये १ लाख ६४ हजार कोटी आणि २०२३ मध्ये ८९ हजार ४७ कोटी अशी तीन पॅकेजे जाहीर झाली. यांतले पहिले बीएसएनएल आणि एमटीएनएल या दोघांसाठी होते, आणि त्याचा मोठा भाग स्वेच्छानिवृत्तीचा होता. तोवर बीएसएनएलच्या उत्पन्नातले सुमारे तीन चतुर्थांश पगारावर जात होते. ३१ जानेवारी २०२० रोजी ७८ हजारांहून अधिक कर्मचारी एकाच दिवशी निवृत्त झाले, म्हणजे जवळजवळ निम्मी कंपनी. दुसऱ्या पॅकेजमध्ये रोख रक्कम सुमारे ४४ हजार कोटी होती. बाकीची कागदोपत्री जमाखर्चाची. तिसरे पॅकेज तर मुख्यतः स्पेक्ट्रमचे होते. सरकारने कंपनीला भांडवल दिले आणि कंपनीने त्यातून सरकारलाच स्पेक्ट्रमची किंमत दिली. घरातल्या एका खिशातून काढून दुसऱ्या खिशात ठेवल्यासारखा हा व्यवहार आहे. तिजोरीतून तेवढे पैसे बाहेर गेले असा त्याचा अर्थ होत नाही. मात्र तोच स्पेक्ट्रम लिलावात दुसऱ्या कोणी घेतला असता तर आलेली रक्कम बुडाली, हे म्हणणेही खरे आहे.

नफा आणि तोटा एकाच वर्षात कसा दिसतो?

एखाद्या शेतकऱ्याने कर्ज काढून ट्रॅक्टर घेतला आणि भाड्याने चालवला, तर डिझेल आणि चालकाचा पगार वजा जाता हातात पैसे राहतात. पण ट्रॅक्टर दहा वर्षांत झिजणार आहे, म्हणून त्याच्या किमतीचा दहावा भाग दरवर्षी खर्चात धरावा लागतो. या रकमेला घसारा म्हणतात. ती खिशातून जात नाही, पण हिशेबात येते. कर्जाचे व्याज वेगळेच.

बीएसएनएलकडे २०२४-२५ मध्ये व्याज आणि घसारा धरण्याआधी सुमारे ५,४०० कोटी रुपये उरले, आधीच्या वर्षी ते २,१६४ कोटी होते. म्हणजे चालू कामकाज सुधारले. त्याच वर्षी यंत्रे, टॉवर आणि स्पेक्ट्रमवर सुमारे २६ हजार कोटींचा खर्च झाला. ही नवी मालमत्ता हिशेबात आल्यावर घसारा वाढतो आणि कागदावरचा तोटाही वाढतो. फोर-जीचे टॉवर उभे राहिले म्हणून नुकसान झाले असे नव्हे. त्या टॉवरवर पुरेसे ग्राहक येण्याआधीच त्यांची झीज मोजायला सुरुवात झाली. ग्राहक आले तर हा तोटा भरून निघेल, नाही आले तर तो खरा ठरेल.

माझा आग्रह एवढाच आहे की सरकारी प्रकल्पांचे आणि व्यापारी सेवांचे हिशेब लोकांना वेगवेगळे दिसावेत. लक्षद्वीपच्या केबलवर झालेला खर्च आणि पुण्यात रिचार्जच्या स्पर्धेत झालेले नुकसान एकाच तोट्यात दिसले, तर करदात्याला कशाबद्दल प्रश्न विचारायचा हेच कळत नाही.

खासगी कंपन्या वेगळ्या आहेत का?

रचनेत फारशा नाहीत. भारती एअरटेल आपले हिशेब मांडताना मोबाइल, घरगुती इंटरनेट, डिजिटल टीव्ही आणि मोठ्या संस्थांसाठीच्या सेवा वेगळ्या दाखवते, आणि आफ्रिकेतल्या १४ देशांतला तिचा व्यवसाय निराळाच आहे. टाटा कम्युनिकेशन्सचा भर मोठ्या उद्योगांवर आणि समुद्राखालच्या केबलवर आहे. फरक उरतो तो बंधनांत: तोट्याचा प्रदेश टाळायची मुभा खासगी कंपनीला अधिक असते.

ग्राहकाच्या हातात काय आहे?

आपली सेवा कोणत्या विभागाची हे ठाऊक असले की तक्रार योग्य जागी जाते. फायबर बंद असेल तर आधी स्थानिक भागीदाराला सांगावे, पण तेवढ्यावर थांबू नये. कंपनीकडे तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्यावा, कारण क्रमांक नसलेली तक्रार पुढे कोणी मोजत नाही. जुने टू-जी किंवा थ्री-जीचे सिम असेल तर टॉवर फोर-जीचा झाला तरी फोनवर फोर-जी दिसत नाही; सेवा केंद्रात ओळखपत्र नेऊन सिम बदलून घ्यावे लागते.

तक्रारीचे निवारण झाले नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे ३० दिवसांत अपील करता येते आणि त्याला ३९ दिवसांत निर्णय द्यावा लागतो. हा नियम २०१२ पासून सर्व दूरसंचार कंपन्यांना लागू आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजे ट्राय, एकेका ग्राहकाची तक्रार स्वतः सोडवत नाही. ग्राहक आयोगाचा दरवाजा मात्र उघडा आहे. दूरसंचार सेवेबद्दलची तक्रार तिथे नेता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. अर्जासोबत बिल, तक्रार क्रमांक आणि सेवा बंद असल्याच्या तारखा जोडाव्यात.